सोलापुरात पहिली नोकरी शोधताना : कागदपत्रांपासून नेमणूकपत्रापर्यंत

शिक्षण संपवून नोकरीच्या शोधात बाहेर पडलेल्या मुलामुलींना कोणते काम हवे आहे असे विचारले, की बहुतेक वेळा ‘काहीही चालेल’ हे उत्तर येते. त्यामागे नम्रता असते, घरची निकड असते आणि नकार येऊ नये ही धास्तीही असते. पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. ज्याच्या कारखान्यात पॅकिंग विभागाला सुपरवायझर हवा आहे किंवा ज्याच्या दवाखान्यात स्वागतकक्षावर माणूस हवा आहे, त्याला ऐन वेळी ‘काहीही’ करायला तयार असलेला उमेदवार आठवत नाही, अमुक काम येणारा उमेदवार आठवतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यासाठी माणसे निवडण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे, आणि चांगल्या मुलांच्या हातून संधी निसटताना पाहिली, तर तिचे कारण बहुधा या मोघमपणातच सापडते. म्हणून सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात पहिल्यांदाच नोकरी शोधणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने काय करावे, हे येथे सविस्तर लिहिले आहे.

आधी काम ठरवा

एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात. पहिली, आज कोणी न शिकवता मला कोणते काम करता येते. दुसरी, तीन ते सहा महिन्यांत मी कोणते काम शिकू शकतो. तिसरी, मी घरापासून किती लांब, कोणत्या पाळीत आणि किमान किती पगारावर काम करू शकतो. तिसरा मुद्दा घरच्यांशी बोलूनच लिहावा. रात्रपाळी चालणार नाही किंवा बाहेरगावी पाठवणार नाही, हे घरच्यांनी नेमणुकीच्या आदल्या दिवशी सांगितले, तर उमेदवाराचे नुकसान होतेच, शिवाय ज्याने त्याचे नाव सुचवले त्याचाही शब्द खाली पडतो.

त्यानंतर आपल्या भागात कोणती कामे आहेत, ते पाहावे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचा काळ संपला आणि वडिलांच्या जागी मुलगा कामाला लागण्याची सोयही त्यांच्याबरोबर गेली; कापडाचा उद्योग मात्र टॉवेल, चादरी आणि गणवेशांच्या रूपाने शहरात टिकून आहे. यंत्रमाग म्हटले की केवळ माग चालवणारा कामगार डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात एका टॉवेल कारखान्यात वार्पिंग (मागासाठी ताणा तयार करणे) आणि वाइंडिंगचे (सूत गुंडाळण्याचे) कामगार, मागाची दुरुस्ती करणारा जॉबर, रंगखात्यातला रसायनशास्त्राचा पदवीधर, शिवण विभाग, माल तपासणारे, पॅकिंगचे सुपरवायझर, भांडारपाल, लेखापाल आणि निर्यातीची कागदपत्रे तयार करणारे असे कितीतरी लोक लागतात. वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या पदवीधरांना यांतल्या निम्म्या जागा ठाऊकही नसतात, आणि त्यामुळे ते या कारखान्यांच्या फाटकापर्यंत येतच नाहीत.

पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत अभियांत्रिकी आणि रासायनिक उद्योग आहेत. मोटारींच्या इंजिनांना लागणारे कॅमशाफ्ट तयार करणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी तेथलीच. आयटीआयचे फिटर, टर्नर, मशिनिस्ट आणि डिप्लोमाधारक यांनी सुरुवात तेथून करावी. साखर कारखान्यांच्या बाबतीत सोलापूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे, पण तेथील बरीच कामे हंगामी असतात. गाळप साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होते. वजनकाट्यावरचे लिपिक, प्रयोगशाळेतले केमिस्ट, शेतकी खात्यातले चिटबॉय (उसाच्या नोंदी आणि तोडीच्या चिठ्ठ्या पाहणारे) यांची जुळवाजुळव त्याआधीच झालेली असते. त्यामुळे साखर कारखान्यात काम हवे असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चौकशी करावी, डिसेंबरमध्ये नव्हे. याशिवाय शहरातली रुग्णालये, औषधविक्रेते, कर सल्लागारांची कार्यालये, वाहनांची विक्रीदालने आणि वित्तसंस्था यांत सतत माणसे लागतात.

सोलापूरच्या मुलांच्या हाती एक गोष्ट अशी आहे, की तिची किंमत त्यांना स्वतःलाच कळलेली नसते. अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, पेठेत दखनी उर्दू कानावर पडते, शाळेत मराठी असते. विजयपूर आणि कलबुर्गी भागातून उपचारासाठी येणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांशी कन्नडमध्ये बोलू शकणारी परिचारिका किंवा हैदराबादच्या व्यापाऱ्याशी तेलुगूत बोलणारा विक्री प्रतिनिधी यांना येथे खरोखर मागणी आहे. ‘घरी बोलतो, त्यात काय विशेष’ असे म्हणून ही भाषा लपवून ठेवू नये.

कागदपत्रांची फाइल

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी सगळ्यात आधी उरकावे, कारण त्यातल्या त्रुटी दुरुस्त व्हायला आठवडे जातात. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, आधार, पॅन, स्वतःच्या नावाचे बँक खाते, छायाचित्रे आणि असल्यास अनुभवाचा दाखला एवढे एका फाइलमध्ये असावे. सरकारी भरतीचा विचार असेल तर अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि लागू असल्यास नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र यांची त्यात भर घालावी. नॉन क्रिमीलेअरवर मुदत लिहिलेली असते, ती तपासावी. अर्जाची शेवटची तारीख आणि दाखल्याची मुदत यांचा मेळ न बसल्याने मुलांची वर्षे वाया जातात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असते. आधारवर स्वतःचे नाव आधी आणि आडनाव शेवटी असते. हा केवळ क्रमाचा फरक असेल तर सहसा अडचण येत नाही, परंतु स्पेलिंग बदलले की संगणक ते नाव दुसऱ्याच माणसाचे समजतो. तेलुगूभाषक पद्मशाली किंवा कन्नडभाषक घरांतली आडनावे इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात आणि एकाच माणसाच्या आधार, पॅन व बँक पासबुकावर ती तीन तऱ्हांनी दिसतात. भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडताना नेमके येथेच घोडे अडते. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून आधार, पॅन आणि बँक खाते तिच्याशी जुळवून घ्यावे. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र फाइलला जोडून ठेवावे.

गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळत असतील तर त्या तेथे घ्याव्यात, उरलेल्या कागदांचे स्वच्छ स्कॅन मोबाइलमध्ये ठेवावेत आणि प्रत्येक फाइलला समजेल असे नाव द्यावे. मूळ कागद दाखवायला न्यावेत, पण ते कोणाकडेही ठेवून येऊ नयेत. ‘मूळ गुणपत्रिका आमच्याकडे जमा करा’ असे सांगणाऱ्या मालकाकडे काम करण्याआधी दोनदा विचार करावा.

एका पानाचा बायोडाटा

नवख्या उमेदवाराला एक पान पुरते. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ बायोडाटांवर जात, धर्म, उंची, वडिलांचा व्यवसाय आणि भावंडांची संख्या असते. हे सगळे लग्नाच्या बायोडाटातून आलेले असते आणि खासगी नोकरीत त्यातल्या एकाही गोष्टीचा उपयोग नसतो. वर नाव, चालू असलेला मोबाइल क्रमांक, साधा ई-मेल पत्ता आणि राहण्याचा भाग एवढे पुरे. ‘जुळे सोलापूर’ किंवा ‘अशोक चौक’ लिहिले, की येण्याजाण्याचा अंदाज वाचणाऱ्याला लगेच येतो.

त्याखाली दोन ओळींत कोणते काम शोधत आहात, ते लिहावे. ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा’ हे वाक्य इतक्या कागदांवर असते, की वाचणारा ते ओलांडूनच पुढे जातो. त्याऐवजी ‘टॅलीवर खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि जीएसटीची विवरणपत्रे तयार करण्याचे काम येते, लेखा सहायकाची जागा हवी आहे’ असे लिहिले, तर कागद योग्य टेबलावर जातो. ‘संगणकाचे ज्ञान’ एवढेच लिहू नये. एमएस-सीआयटी झाले आहे का, एक्सेलमध्ये काय करता येते, मराठी आणि इंग्रजी टंकलेखनाचा वेग किती, हे लिहावे. प्रकल्प केला असेल तर त्याचे केवळ शीर्षक न देता त्यात आपण स्वतः काय केले, ते एका ओळीत सांगावे. आईबरोबर शिवणकाम केले असेल, काकांच्या किराणा दुकानाचा हिशेब दोन वर्षे लिहिला असेल, गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल सांभाळला असेल, तर तोही अनुभवच आहे आणि तो लिहिण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. भाषांसमोर बोलता येते, वाचता येते की लिहिताही येते, हे वेगवेगळे नोंदवावे.

बायोडाटात खोटे काहीही घालू नये. न केलेली नोकरी लिहिली तर ती एका फोनवर उघडी पडते, कारण सोलापूरचे उद्योग क्षेत्र लहान आहे आणि येथील व्यवस्थापक एकमेकांना ओळखतात. शेवटी बायोडाटा पीडीएफ करावा, फाइलला स्वतःचे नाव आणि कामाचे नाव द्यावे, आणि शिक्षक किंवा जाणत्या नातेवाइकाकडून तो एकदा तपासून घ्यावा.

विचारायचे कोणाला आणि कसे

सोलापुरातल्या खासगी नोकऱ्या अजूनही मोठ्या प्रमाणात तोंडी चौकशीतून भरल्या जातात. यात गैर काही नाही. ओळख म्हणजे वशिला असे समजून संकोच करू नये. ओळखीच्या माणसाने फक्त दार दाखवायचे असते, आत जाऊन काम मिळवायचे ते आपणच. मात्र त्याला नेमके काय हवे आहे, ते कळले पाहिजे. व्हॉट्सॲपवर ‘काका, एखादा जॉब असेल तर सांगा ना’ असा निरोप आला की काका ‘सांगतो’ म्हणतात आणि विसरून जातात. त्याऐवजी असा निरोप लिहावा :

‘नमस्कार काका. माझे बी.कॉम. पूर्ण झाले आहे. मला टॅलीवरचे काम आणि जीएसटीची विवरणपत्रे तयार करता येतात. सोलापूर शहरात किंवा चिंचोळीपर्यंत, दिवसपाळीत, लेखा सहायकाचे काम शोधत आहे. तुमच्या माहितीत अशी जागा असल्यास त्यांचा नंबर द्यावा किंवा माझा बायोडाटा त्यांना पाठवावा. बायोडाटा सोबत जोडला आहे.’

हा निरोप काकांना जसाच्या तसा पुढे पाठवता येतो. काम येथेच सोपे होते, कारण त्यांना स्वतःच्या शब्दांत काहीच समजावून सांगावे लागत नाही. नातेवाईक, जुने शिक्षक, आधी नोकरीला लागलेले वर्गमित्र, आपल्या पेठेतले कर सल्लागार अशा सर्वांना असा निरोप पाठवावा आणि आठ-दहा दिवसांनी एकदाच नम्रपणे आठवण करावी.

औद्योगिक वसाहतीत स्वतः जाऊन चौकशी करणेही येथे चालते. बायोडाटाच्या प्रती घेऊन सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान जावे, सुरक्षारक्षकाशी आदराने बोलावे आणि भरती कोण पाहते, त्यांचे नाव विचारून घ्यावे. पगाराच्या तारखांच्या आसपास, म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, कार्यालयातली माणसे कामात बुडालेली असतात. त्यानंतर गेल्यास दोन मिनिटे मिळण्याची शक्यता अधिक असते.

सरकारी मार्गांपैकी राज्याच्या महास्वयम् संकेतस्थळावर नोंदणी करावी. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडून भरणाऱ्या रोजगार मेळाव्यांची माहिती तेथे मिळते. मेळाव्याला जाताना कोणत्या कंपन्या येणार आहेत ती यादी आधी पाहावी आणि आपल्याशी संबंधित तीन-चार टेबलांपुढेच वेळ द्यावा. सगळ्या टेबलांवर कागद वाटून आलेल्या उमेदवाराला फोन येत नाही. केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे संकेतस्थळही विनाशुल्क आहे.

आयटीआय आणि डिप्लोमा झालेल्यांनी शिकाऊ उमेदवारीकडे दुर्लक्ष करू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार ३० किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. विद्यावेतन कमी असते, आणि या काळात भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही, हे खरे. परंतु वर्षभर यंत्रावर हात बसलेला मुलगा आणि केवळ प्रमाणपत्र घेऊन आलेला मुलगा यांच्यात निवड करताना कोणताही कारखानदार फार विचार करत नाही. पदवीधर आणि डिप्लोमाधारकांसाठी केंद्राची स्वतंत्र योजना आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरवले होते. अशा योजनांच्या अटी बदलत असल्याने चालू स्थिती जिल्हा केंद्रात विचारून घ्यावी, आणि प्रशिक्षण म्हणजे कायम नोकरी नव्हे हे लक्षात ठेवूनच त्यात जावे.

पैसे मागणारा मालक

कोणत्याही खऱ्या नोकरीसाठी उमेदवाराने पैसे भरायचे नसतात. नोंदणी शुल्क, गणवेशाचे पैसे, लॅपटॉपसाठी अनामत, वैद्यकीय तपासणीचे आगाऊ शुल्क अशा कोणत्याही नावाखाली फोनवरून पैसे मागितले, तर तो फोन तेथेच ठेवावा. घरबसल्या डेटा एन्ट्री किंवा टेलिग्रामवर रेटिंग देण्याची कामे सुरुवातीला शे-दोनशे रुपये खात्यात जमाही करतात आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात. रेल्वेतली भरती ही रेल्वे भरती मंडळ आणि भरती कक्ष यांच्या जाहीर परीक्षांतून होते. ‘डिव्हिजन ऑफिसात माझा माणूस आहे’ असे सांगणाऱ्यापासून लांब राहावे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे, कारण पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

मुलाखतीची तयारी

मुलाखतीला बोलावणे आले, की पहिले काम म्हणजे ती संस्था काय तयार करते आणि कोणाला विकते, ते जाणून घेणे. टॉवेल कारखान्यात येणाऱ्या उमेदवाराला मी बहुधा जीएसएमबद्दल विचारतो. एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन म्हणजे जीएसएम, एवढे काहींना सांगता येते. पण पुढचा हिशेब मागितला की गाडी थांबते. घरातला ७५ सेंटीमीटर रुंद आणि १५० सेंटीमीटर लांब टॉवेल घ्या. त्याचे क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर. किराणा दुकानाच्या काट्यावर तो ५०० ग्रॅम भरला, तर ५०० भागिले १.१२५ म्हणजे सुमारे ४४४ जीएसएम. हे एकदा स्वतः करून पाहिलेल्या मुलीला तपासणी विभागात घ्यावे की नाही, याचा निर्णय मला तेथेच घेता येतो, मग तिचे शिक्षण कोणत्याही शाखेतले असो.

इतर कामांतही असेच असते. लेखा विभागात जाणाऱ्याला जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांपैकी विक्रीच्या तपशिलाच्या जीएसटीआर-१ साठी पुढच्या महिन्याची ११ तारीख आणि कर भरण्याच्या जीएसटीआर-३बी साठी २० तारीख ही मुदत तोंडपाठ असावी. औषधांच्या दुकानात जाणाऱ्याने औषधांची नावे न अडखळता वाचण्याचा सराव करावा. शिवण विभागात यंत्रावर बसवून ट्रायल घेतात, तेव्हा सवयीचे यंत्र नसेल तर घाई न करता आधी एखाद्या चिंधीवर टाके घालून पाहण्याची परवानगी मागावी. ती कोणी नाकारत नाही.

स्वतःची ओळख दीड-दोन मिनिटांत, ज्या भाषेत प्रश्न आला त्याच भाषेत करून द्यावी. येथील बहुतेक मुलाखती मराठी आणि हिंदीत होतात, त्यामुळे इंग्रजीची धास्ती घेऊन घरी बसण्याचे कारण नाही. मात्र निर्यात, आयटी किंवा मोठ्या कंपन्यांच्या जागांसाठी इंग्रजीत पाच-दहा वाक्ये सरळ बोलण्याचा सराव मोठ्याने करावा. एखादी गोष्ट येत नसेल तर ‘हे मला अजून येत नाही, पण याच्या जवळचे अमुक काम मी केले आहे’ असे सांगावे. कपडे स्वच्छ आणि इस्त्री केलेले असले की पुरे. एकच आवर्जून सांगतो : आईवडील किंवा मित्र सोबत आले असतील तर त्यांनी फाटकाबाहेरच थांबावे.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे म्हणतात, तेव्हा गप्प बसू नये. कामाची वेळ, साप्ताहिक सुटी, ओव्हरटाइमचा दर, नेमणूक कंपनीची की ठेकेदारामार्फत, हे सर्व त्याच वेळी विचारावे. महिला उमेदवारांनी पाळीच्या वेळा आणि कंपनीची बस आहे का, हे विचारावे. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, त्यामुळे तिची चौकशी करण्यातही संकोच नसावा.

पगार हातात किती येणार

‘पंधरा हजार देऊ’ हे शब्द पुरेसे नाहीत. समजा एकूण पगार १५,००० रुपये ठरला आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये आहेत. भविष्य निर्वाह निधीसाठी १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये कापले जातील. कामगार राज्य विम्यासाठी एकूण पगाराच्या ०.७५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ रुपये जातील. पुरुषांचा २०० रुपये व्यवसाय कर कापला जाईल, फेब्रुवारीत तो ३०० असतो. महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंत हा कर नाही. हातात आले १३,२४७ रुपये, आणि महिला कर्मचाऱ्याच्या हातात १३,४४७. कापली गेलेली रक्कम पाहून नाराज होऊ नये. भविष्य निर्वाह निधीत मालकही आपला वाटा घालतो, आणि २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना मिळणाऱ्या विम्यातून घरच्यांवरही उपचार होतात. कपात नाही आणि १४,००० रोख, अशी ऑफर त्यामुळे दिसते तितकी चांगली नसते.

पुण्याहून येणारा पगाराचा आकडा वर्षाच्या पॅकेजमध्ये सांगितला जातो आणि त्यात मालकाचा निधीतला वाटाही मोजलेला असतो, म्हणून बाराने भागून आलेली रक्कम हातात येईल असे धरू नये. समजा हातात २०,००० येणार असतील, तर खोलीचा वाटा, अनामत, मेस, रोजचा प्रवास आणि महिन्यातून एकदा घरी येणे एवढे वजा करून काय उरते, हे लिहून काढावे, आणि सोलापुरात घरी राहून हाती येणाऱ्या १३,००० शी त्याची तुलना करावी. माझे मत असे, की कापड प्रक्रिया, साखर आणि लेखा या क्षेत्रांत पहिली दोन वर्षे येथेच काढलेली चांगली, कारण लहान आस्थापनेत एकाच माणसाला सगळ्या विभागांचे काम शिकायला मिळते. सॉफ्टवेअर किंवा मोटार उद्योगातल्या डिझाइनसारख्या कामासाठी मात्र पुणे गाठण्यात उशीर करू नये. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून मुलाखत आटोपून त्याच रात्री परतता येते, त्यामुळे केवळ मुलाखतीसाठी पुण्यात खोली घेऊन राहण्याची गरज नाही.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी किती प्रयत्न करायचे आणि कोणत्या वयापर्यंत, हे घरच्यांसमोर आधीच लिहून ठरवावे. अभ्यासिकेत वर्षे जातात आणि बायोडाटावर मोकळी जागा राहते. तयारीच्या काळातच मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाची शासकीय टंकलेखन प्रमाणपत्रे मिळवली, तर ती लिपिकाच्या भरतीतही चालतात आणि खासगी कार्यालयातही.

होकार आल्यानंतर

नेमणूकपत्र लेखी घ्यावे. त्यात पदाचे नाव, रुजू होण्याची तारीख, पगाराची फोड, परिवीक्षा (प्रोबेशन) कालावधी, नोकरी सोडताना द्यायची पूर्वसूचना आणि कोणत्या आस्थापनेच्या हजेरीपटावर आपले नाव असेल, हे वाचून घ्यावे. ‘नंतर देतो’ असे सांगितले गेले, तर तोंडी ठरलेल्या अटी त्याच दिवशी ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहून पाठवाव्यात आणि होकार मिळवावा. दोन-तीन वर्षांचा बाँड किंवा कोरा धनादेश मागितला, तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय सही करू नये. बाकी ठिकाणी अर्ज केलेले असतील तर तेथे कळवून टाकावे. ती माणसे पुढे पुन्हा भेटतात.

शोध सुरू असेपर्यंत एक वही ठेवावी आणि कोणत्या दिवशी, कोठे, कोणत्या जागेसाठी, कोणाला भेटलो आणि त्यांनी पुन्हा कधी यायला सांगितले, ते त्यात लिहावे. उत्तर न आलेल्या ठिकाणी पंधरवड्याने एक फोन करावा. आधी निवडलेला उमेदवार पहिल्याच आठवड्यात न सांगता निघून गेला, की आम्ही यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतो, आणि त्या वेळी नुकताच फोन करून गेलेला उमेदवार आधी आठवतो.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात उमंग ॲपवरून भविष्य निर्वाह निधीचा यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा) क्रमांक चालू करून घ्यावा, वारसाचे नाव नोंदवावे, आणि कापलेली रक्कम खात्यात जमा होते आहे का, हे दर महिन्याच्या अखेरीस पासबुकात पाहावे.